ओढकाम (पत्रा साच्यात ओढून त्याला खोल आकार देणे) केल्यावर पितळी पत्रा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत का होतो?

बहुधा पत्र्यातील स्फटिककण फार मोठे असल्यामुळे असे होते. केवळ डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) पॉलिश करून हा दोष जात नाही. पितळ हे असंख्य सूक्ष्म कणांचे बनलेले असते आणि प्रत्येक कणाची दिशा वेगळी असल्याने ताण एकच असला तरी एक कण जास्त, तर शेजारचा कमी विरूपित होतो. आतील कणांना चहूबाजूंच्या शेजाऱ्यांचा अटकाव असतो, पण पृष्ठभागावरील कणांची एक बाजू मोकळी असल्यामुळे ते वर उचलले जातात किंवा खाली दबतात, आणि हाच उंचसखलपणा डोळ्यांना दिसतो. तो कणांच्या आकारासोबत आणि विरूपणासोबत जवळपास सम प्रमाणात वाढतो. म्हणूनच ७०-३० पितळात (७० टक्के तांबे, ३० टक्के जस्त) उथळ ओढीसाठी व चांगल्या पॉलिशसाठी सुमारे ०.०२५ मि.मी. सरासरी कणव्यास निवडतात, ०.०७० मि.मी.चा पत्रा खोल ओढता येतो खरा, पण त्यावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा उमटतोच. कण वाढण्याचे नेहमीचे कारण म्हणजे भट्टीत गरजेपेक्षा जास्त तापमान किंवा जास्त वेळ दिलेले अनीलिंग (धातू तापवून मऊ करणे), त्यामुळे आधी तेच तपासावे (पुरवठादाराकडून केवळ कठिणता नव्हे, कणांचा आकारही लेखी मागावा). मात्र खडबडीतपणा ओढीच्या दिशेने गेलेल्या ओरखड्यांच्या रूपात असेल, तर दोष कणांचा नसून वंगणाचा किंवा डायला चिकटलेल्या धातूचा आहे, आणि तेथे डायचे पॉलिश नक्की उपयोगी पडते.