वाचकांची शंका : एअर रायफल आणि रेड डॉट साइट

प्रश्न : मुलगी बालेवाडीला एअर रायफलचा सराव करते. तिला रेड डॉट साइट (काचेत लाल ठिपका दाखवून नेम धरायला मदत करणारे साधन) घ्यावी का? – एक पालक, कोथरूड

उत्तर : ती १० मीटर स्पर्धेची तयारी करत असेल, तर कृपया घेऊ नका, त्या प्रकारात रायफलवर रेड डॉटसारखी भिंगाची साइट चालत नाही, पीप साइटच (बारीक छिद्रातून नेम धरण्याची साइट) वापरावी लागते. केवळ छंद असेल, तर २ एमओएचा (एमओए म्हणजे कोनाचे माप, एका अंशाचा साठावा भाग) ठिपका निवडावा, कारण १० मीटरवर तो जेमतेम ६ मिलिमीटर भाग झाकतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून नजर लक्ष्यावरच असावी आणि ठिपक्याचा उजेड बेताचा ठेवावा. तरीही तो फाटलेला दिसला, तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. तेथे तो गोल दिसल्यास दोष बहुधा डोळ्यांच्या सिलिंड्रिकल नंबरचा असतो, म्हणून साइट बदलण्याआधी नेत्रतज्ज्ञांना अवश्य भेटावे.