बुलेट ट्रेनचं विचारलंस, आधी लूपला उभी मालगाडी बघ

लेकरा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मुंबई-नागपूर बुलेट ट्रेन जालन्यावरून न्यायचं घाटतंय तर त्यात पैसा घालावा, का तोच पैसा मालगाड्यांना द्यावा, असं विचारलंस. प्रोजेक्टला विषय चांगला घेतलास, फक्त सुरुवात वेगापासून करू नको.

मी परभणीला खताच्या होलसेल दुकानात मुनीम होतो, निम्मं आयुष्य मालधक्क्यावर गेलं. एका जूनमध्ये मृगाचा पाऊस झाला, पेरण्या उरकल्या, दुकानापुढं पहाटेपासून माणसं आधार कार्ड घेऊन रांगेत, अन् युरियाची रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, अलीकडच्याच एका बारक्या स्टेशनात लूपला उभी. लूप म्हणजे दुसऱ्या गाड्यांना वाट द्यायला स्टेशनातला बाजूचा रूळ. मोटरसायकल काढून बघायला गेलो. गार्ड लिंबाच्या सावलीत बसलेला, म्हणला सकाळपासून पाच गाड्या काढून दिल्या आम्ही. रेकमध्ये पन्नास हजारांवर गोण्या, इंजिन ठीक, ड्रायव्हर हजर, फक्त पुढं जायला लाईन मोकळी नव्हती. सिंगल लाईन, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या गाड्यांना एकच रूळ, म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

आता हिशोब बघ, हा नीट समजून घे कारण सगळं यातच आहे. डबल लाईन धर, ६० किलोमीटरचा तुकडा, मालगाडी ताशी ५० नं गेली तर ७२ मिनिटं, एक्सप्रेस १०० नं गेली तर ३६. म्हणजे मालगाडी सोडल्यावर निदान ३६ मिनिटं एक्सप्रेस सोडता येत नाही, नाहीतर ती मागं येऊन अडकणार. सगळ्या गाड्या एकाच वेगाच्या असत्या तर तेवढ्यात दर दहा मिनिटाला एक अशा तीन गाड्या निघाल्या असत्या. लाईनची कपॅसिटी खातो तो वेगातला फरक, नुसती गाड्यांची गर्दी नाही.

म्हणून जपाननं १९६४ ला टोकियो-ओसाका नवी लाईन टाकली ती निव्वळ हौस म्हणून नाही, जुनी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची, लाईन गच्च भरली होती. आपल्याकडं तेच उलट्या बाजूनं केलं, दिल्लीजवळच्या दादरीपासून नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरापर्यंत १,५०६ किलोमीटरचा वेगळा मालवाहतुकीचा कॉरिडॉर काढला. दोन्हीकडं विचार एकच, जलद अन् हळू वेगळं करा. पण मुंबई-अहमदाबाद बुलेटचे रूळ १,४३५ मिलिमीटरचे अन् आपली ब्रॉडगेज १,६७६ ची, त्यामुळं आपली वॅगन त्या रुळांवर कधीच चालणार नाही. मालाला फायदा व्हायचा तर जुन्या लाईनवरच्या पॅसेंजर गाड्या खरंच कमी व्हायला पाहिजेत, अन् मोकळा झालेला टाईम मालगाडीला मिळायला पाहिजे. तुझ्या रिपोर्टात हे तपासलंस तरच तो कामाचा, नाहीतर किती तासात मुंबई हे तर कुणीही लिहितं.

आपल्या मराठवाड्यापुरतं माझं मत स्पष्ट आहे, आधी दुसरी लाईन. २०२५ ला संभाजीनगर-परभणी १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी मिळाली ते वाचून मला खरंच भरून आलं, आपल्याकडं मीटरगेजचे अरुंद रूळ असताना मनमाडला हमाल एका वॅगनमधून दुसरीत गोण्या टाकायचे ते दिवस मी बघितलेत. अन् २०१६ ला लातूर तहानलं तेव्हा मिरजेवरून पाणी आलं ते वॅगनमधूनच, एका वॅगनमध्ये पन्नास हजार लिटर. तसं गाडीभर पाणी टँकरनं रोज तीनशेवर किलोमीटर आणायचं म्हणलं असतं तर रस्त्यावर नुसते टँकरच दिसले असते. बुलेट नको असं मी म्हणत नाही, पण जालन्याचं स्टील अन् भंगार ट्रकवरून रेल्वेवर यायला बुलेटचा उपयोग नाही, तिथं लागतो मालधक्का, साईडिंग म्हणजे माल भरायला कारखान्यापर्यंत नेलेला रूळ, अन् वेळेवर रेक.

सुट्टीत ये, दोन दिवस सेलूच्या स्टेशनात बसू. वहीत तीनच रकाने आख, मालगाडी लूपला कधी लागली, कुणासाठी लागली, कधी सुटली. डबा घरून आणू, चहा तिथं मिळतो.

तुझा,
काका