ओळखीच्या एजंटाकडून आययूएल घेतली आहे. निवृत्तीसाठी ४०१-केपेक्षा ती बरी का?

तुम्ही लिहिलंय की वय ४१, न्यू जर्सीत एच-१बीवर आहात. मंडळातल्या ओळखीच्या माणसाने वर्षाला १२,००० डॉलर हप्त्याची इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ (आययूएल) पॉलिसी, म्हणजे शेअर निर्देशांकाशी जोडलेला आजीवन विमा, सुचवली. सही झालीय, पॉलिसीचं पाकीट अजून यायचंय. तो म्हणतो ४०१-केपेक्षा, म्हणजे नोकरीतून मिळणाऱ्या निवृत्ती खात्यापेक्षा, ही बरी, ते खरं का?

खरं नाही. मी स्वतः विमा एजंटाची मुलगी आहे आणि हीच पॉलिसी सात वर्षं आमच्या घरात होती, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

२०१४ चा मार्च. नवरा ३८ चा होता. जर्सी सिटीत पहिल्या वर्षी त्याच्यासोबत एका खोलीत राहिलेला मित्र एडिसनला आमच्या घरी आला. साधासुधा मित्र नव्हे. मुलीच्या वेळी बर्फात रात्री दोन वाजता मला हॉस्पिटलला यानेच पोचवलं होतं. सहा महिन्यांपूर्वी त्याने विम्याचं लायसन्स काढलं होतं. मी पोहे केले, त्याने लॅपटॉप उघडला. वर्षाला ९,६०० डॉलर भरा, बाजार चढला तर तुम्हीही चढाल, पडला तर शून्य, तोटा कधीच नाही. ६५ नंतर दरवर्षी चाळीस हजार डॉलर करमुक्त. "वहिनी, तुम्ही काळजीच सोडा."

मी सांगलीची बी.कॉम., इथे एका कंपनीत अकाउंट्स बघते. कागद वाचायला मागितला. चोवीस पानांच्या त्या इलस्ट्रेशनमध्ये, म्हणजे पुढच्या वर्षांचे आकडे मांडलेल्या कागदात, दोन रकाने होते. एका रकान्यात दरवर्षी ७.८ टक्के धरून काढलेले भलेमोठे आकडे. दुसऱ्याच्या डोक्यावर 'गॅरंटीड' लिहिलेलं, आणि त्यात ६८ व्या वर्षापासून खाली नुसती शून्यं. मी विचारलं, भावोजी, ही शून्यं कसली? तो म्हणाला, ते कायद्यासाठी छापावं लागतं, तसं कधी होत नाही. मी पुढचा प्रश्न विचारणार, तर नवरा मराठीतून हिंदीत गेला. तो चिडला की जातो. "बस हो गया. अपना आदमी है."

सही झाली. पैशाची सोय करायला नवऱ्याने ४०१-केमधला भरणा पगाराच्या ६ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणला. त्याची कंपनी ६ टक्क्यांपर्यंत डॉलरमागे ५० सेंट स्वतःचे घालत होती. पगार तेव्हा १,१०,००० होता, म्हणजे वर्षाला २,२०० डॉलर आम्ही नुसते सोडून दिले. सात वर्षांचे १५,४००. सगळ्या व्यवहारात मला सर्वांत जास्त लागलं ते हे.

यात तुमचे पैसे शेअर बाजारात जातच नाहीत, हे कोणी तुम्हाला सांगितलं नसेल. कंपनी ते मुख्यतः बाँडमध्ये ठेवते आणि त्यावरच्या व्याजाएवढ्या पैशातून इंडेक्सवरचे (शेअर निर्देशांकावरचे) ऑप्शन, म्हणजे इंडेक्स चढला तर पैसे देणारे करार, विकत घेते. मुद्दल बाँडमध्ये, म्हणून फ्लोअर, म्हणजे खालची हद्द, शून्य. ऑप्शनला पैसे मोजकेच, म्हणून वर कॅप, म्हणजे जास्तीत जास्त मिळणाऱ्या टक्क्यांची हद्द. व्याजदर उतरले की ऑप्शनचे पैसे आटतात आणि कॅप खाली येते. तो अधिकार कंपनीकडे असतो. आमची कॅप १२ टक्के होती, २०२० पर्यंत ९.५ झाली. शिवाय इंडेक्समधल्या कंपन्यांचा लाभांश तुम्हाला मिळत नाही, मोजतात ती फक्त इंडेक्सची चढउतार.

मार्च २०१९ ते मार्च २०२० इंडेक्स पडला. आमच्या खात्यात शून्य जमा, पण विम्याचा खर्च, प्रशासनाचा खर्च दर महिन्याला कापला गेलाच. तेव्हा 'तोटा कधीच नाही' हे सपशेल चूक. पुढच्या मार्चपर्यंत तो इंडेक्स, एस अँड पी ५००, पन्नास टक्क्यांहून जास्त चढला. आम्हाला मिळाले साडेनऊ.

एप्रिल २०२१ मध्ये पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मोडली. भरले ६७,२००. खात्यात ६२,४००. सरेंडर चार्ज ८,१००. हातात ५४,३००. हा तोटा करात वजाही करता येत नाही. तेच हप्ते त्याच तारखांना साध्या इंडेक्स फंडात गेले असते, तर लाभांश न धरताही १,१०,००० च्या वर झाले असते. ५ लाख डॉलरचा टर्म विमा (ठरावीक मुदतीचा, फक्त मृत्यू झाला तर पैसे देणारा) महिना तीस-पस्तीस डॉलरला मिळत होता, तो वजा करूनही हिशोब फारसा हलत नाही.

पुढचं तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगते. सरेंडरच्या रात्री नवरा म्हणाला, "तुझे वडीलही एजंटच होते. त्यांनीही नातेवाइकांनाच पॉलिसी विकल्या." हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

अण्णा इस्लामपूरला एलआयसीचे एजंट होते. ल्युनावरून वाळवा तालुका पालथा घालायचे. हो, नातेवाइकांनाही विकल्या, आणि कमिशनही घेतलं. पण समोरच्याला आधी सांगायचे, यात पाच-सहा टक्केच सुटतील, जास्त हवे असतील तर माझ्याकडे येऊ नका, हे तुमच्या माघारी घर चालावं म्हणून आहे. क्लेम आला की बाराव्याच्या आत फॉर्म भरून द्यायला स्वतः जायचे. हप्ता परवडत नाही म्हटल्यावर छोटी पॉलिसी काढायचे, स्वतःचं कमिशन घटलं तरी. त्यांच्या वहीत कुणाच्या पोरीचं लग्न कधी आहे, ऊस कधी जाणार, तेही लिहिलेलं असे, कारण हप्ता त्यावरून ठरायचा. आमच्या मित्राने आम्हाला शून्यांचा रकाना समजावला नाही, कारण तो त्यालाच समजला नव्हता. त्याच्या वरच्या माणसाने त्याला स्लाइड शिकवल्या होत्या, पॉलिसी नाही. तो वाईट माणूस नाही, स्वतःही तीच पॉलिसी घेऊन बसलाय. पण पहिल्या वर्षीच्या टार्गेट प्रीमियमचा, म्हणजे कमिशन ज्यावर मोजतात त्या हप्त्याचा, निम्म्याहून जास्त भाग, बरेचदा जवळजवळ सगळाच, कमिशनमध्ये जातो आणि त्यात वरच्या साखळीचाही वाटा असतो. आपलं माणूस म्हणून हिशोब विचारायचा नाही, हे मला मान्य नाही. आपल्या माणसालाच आधी विचारायचा.

आता तुमचं. आधी ४०१-केमध्ये कंपनी जेवढं घालते तेवढं तरी पूर्ण घ्या. मग एचएसए (आरोग्यखर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं) मिळत असेल तर ती, रॉथ आयआरए (स्वतः उघडायचं निवृत्ती खातं), मग ४०१-केची मर्यादा (२०२५ साठी ती २३,५०० डॉलर होती). विमा हवा तर टर्म. भारतात परतायचं असेल तर ४०१-केसारख्या निवृत्ती खात्यांवरच्या भारतातल्या कराची वेळ अमेरिकेतल्या कराशी जुळवून घेण्याची सोय भारताच्या २०२१ च्या अर्थसंकल्पाने केली. विमा पॉलिसी कायद्याने निवृत्ती खातं नाही, तेव्हा तिला तीच सोय मिळेल असं धरून चालू नका.

'करमुक्त उत्पन्न' म्हणजे पॉलिसीवर काढलेलं कर्ज. ते फुगलं आणि उतारवयात वाढत जाणाऱ्या विम्याच्या खर्चाने पॉलिसी बंद पडली, तर भरलेल्यापेक्षा जास्त जेवढं झालं त्यावर एकदम कर लागतो, हातात रोकड नसताना.

आता दुसरी बाजू. ही सगळी खाती काठोकाठ भरून झाली असतील, घरात आयुष्यभर आधार लागणारं मूल असेल, डेथ बेनिफिट (मृत्यूनंतर मिळणारी रक्कम) मुद्दाम कमीत कमी ठेवून कायद्याच्या मर्यादेपर्यंत पैसे भरणार असाल आणि पंधरा-वीस वर्षं हात लावणार नसाल, तर अशी पॉलिसी चालू शकते. २०१५ पासून इलस्ट्रेशनमधल्या दरांवर नियामकांची मर्यादाही आलीय, आमचा कागद त्याआधीचा. तुमचं उत्पन्न मला माहीत नाही. पण एच-१बीवर नोकरी गेली तर साठ दिवसांत निघायची वेळ येऊ शकते. अशा माणसाने पहिली दहा वर्षं तोट्याशिवाय मोडता न येणारी गोष्ट घ्यावी, असं मला वाटत नाही.

आणि हे नक्की करा. पाकीट हातात पडेल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख घाला. 'फ्री लुक'चे दिवस तेव्हापासून मोजतात, बहुतेक ठिकाणी किमान दहा, नेमके किती ते पॉलिसीच्या पहिल्या पानावर असतं. तेवढ्यात रद्द केलीत तर भरलेलं परत मिळतं. पत्र थेट कंपनीला लेखी पाठवा, पोचपावती घ्या. एजंटाला त्यानंतर फोन करा. आधी केलात तर तो घरी येतो म्हणेल, आणि घरी आलेल्या माणसाला नाही म्हणणं आपल्याला जमत नाही.