वाचकांचे प्रश्न : जुलाबाची मोजदाद

प्रश्न : जगात दरवर्षी दहातला एक माणूस दूषित अन्नाने आजारी पडतो, असं वाचलं. दवाखान्यांच्या नोंदींत तर एवढे रुग्ण दिसत नाहीत. मग हा आकडा येतो कुठून?

उत्तर : हा जागतिक आरोग्य संघटनेचा 2015 चा अंदाज. सुमारे 60 कोटी आजारी, त्यांपैकी 55 कोटींना जुलाबाचे आजार. दवाखान्याच्या नोंदींवर विसंबलं तर हे कधीच दिसणार नाही. बहुतेक जण ओआरएस नाहीतर ताक-भातावर दोन दिवस काढतात. जे डॉक्टरकडे जातात, त्यांतल्या थोड्यांचीच शौचतपासणी होते. तीही अँटिबायोटिक सुरू झाल्यावर केली, तर जंतू सापडेलच असं नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत राष्ट्रीय नोंदीतल्या एका रुग्णामागे समाजात 147 रुग्ण निघाले!

म्हणून घरोघरी विचारावं लागतं. व्याख्या पक्की हवी : 24 तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच. समजा, 500 जणांपैकी 40 जणांना गेल्या चार आठवड्यांत त्रास झाला, म्हणजे 8 टक्के. वर्षात असे 13 कालखंड, गुणाकार 104. याचा अर्थ प्रत्येक जण आजारी पडला असा नव्हे. 100 माणसांमागे वर्षाला 104 वेळा जुलाब झाले, काहींना तीनदा, काहींना एकदाही नाही. पाहणी फक्त पावसाळ्यात केली, तर हा गुणाकारच फसतो. शिवाय लोक दीड महिन्यापूर्वीचं दुखणंही ‘गेल्या महिन्यात’ सांगतात.

यातले अन्नातून किती, पाण्यातून किती, हे वेगळं काढणं सर्वांत अवघड. रुग्ण शेवटच्या जेवणाला दोष देतो. साल्मोनेला हा जंतू मात्र पोटात गेल्यापासून त्रास सुरू व्हायला 6 तास ते 6 दिवस घेतो.