सिमेन ॲनालिसिसचं (वीर्यतपासणीचं) सॅम्पल ०.४ मिलीच आलंय आणि मशीनला अर्धा मिली लागतो. काय करू?

फेकू नका, आणि लगेच ‘उद्या परत द्या’ असंही सांगू नका. बिचाऱ्याने आधीच कसंबसं दिलेलं असतं.

अर्ध्या मिलीची अट मशीनची आहे, तपासणीची नाही. नळी पूर्ण भरल्याशिवाय त्याला वाचता येत नाही, एवढंच. हाताने करायचं तर हिशेब बघा: मोटिलिटीला (शुक्राणूंची हालचाल बघायला) दहा-दहा मायक्रोलिटरचे दोन थेंब, काउंटला, म्हणजे न्यूबाउर चेंबरमध्ये (शुक्राणू मोजायच्या आखीव काचेत) मोजायला, १:२० डायल्युशन (वीस पट पातळ करणं) दोनदा म्हणजे ५० आणि ५०, शुक्राणूंचा आकार बघायच्या दोन स्मिअरला (काचेवर पसरलेल्या थरांना) मिळून २०, पीएचच्या (आम्लता मोजायच्या) पट्टीला एक थेंब. दीडशेच्या आसपास झाले. तुमच्याकडे चारशे मायक्रोलिटर आहेत!

मी आधी डबीचं वजन करते. रिकाम्या डबीचं वजन झाकणावर लिहून ठेवलेलंच असतं. १ ग्रॅम म्हणजे १ मिली धरायचं. पिपेटने ओढून मोजलंत तर निम्मा चिकटा पिपेटच्या टोकाला आणि डबीच्या कडेला राहतो, आणि आधीच कमी असलेलं आणखी कमी दिसतं. झाकण घट्ट ठेवा, एवढंसं सॅम्पल ३७ अंशांवर भराभर सुकतं. घट्ट वीर्य आपोआप पातळ झालं की पहिली मोटिलिटी, तीही तासाच्या आत. काउंट, स्मिअर नंतर.

मशीनवरच करायचं असेल तर कंपनीने दिलेल्या मीडियमने (पातळ करायच्या द्रावाने) जेवढ्यास तेवढं पातळ करता येतं, पण तुमच्या मॅन्युअलमध्ये तशी सोय असेल तरच. साधं पाणी अजिबात नको, शुक्राणू तिथेच मरतात. आणि मशीनला ‘डायल्यूट केलंय’ हे सांगायला विसरू नका. मी आधी ज्या लॅबमध्ये होते तिथे एकाने जेवढ्यास तेवढं मीडियम घातलं आणि बटण नेहमीचंच दाबलं. काउंट निम्मा गेला, रिपोर्टवर सही झाली, पेशंट घरी. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा कुठे कळलं. तेव्हापासून मी डायल्युशन डबीवर मार्करने लिहिते. नळी भरताना बुडबुडा राहिला तर तेही रीडिंग सोडून द्या.

आता रिपोर्टचं. समजा काउंट मिलीला ३ कोटी आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मॅन्युअलमध्ये खालची मर्यादा १.६ कोटी आहे, म्हणजे मशीन खुशाल नॉर्मल म्हणेल. पण ०.४ मिलीत एकूण शुक्राणू होतात १.२ कोटी, आणि एकूण आकड्याची खालची मर्यादा ३.९ कोटी. व्हॉल्यूमची १.४ मिली. त्यामुळे एकूण काउंट ठळक छापा, आणि पातळ करून तपासलं असेल तर तसं लिहा.

पेशंटला दोन गोष्टी विचाराच: आधीच्या वीर्यपतनानंतर किती दिवसांचा खंड होता (२ ते ७ हवा) आणि काही बाहेर सांडलं का. सांडलेला भाग बहुतेक वेळा पहिलाच असतो आणि सर्वांत जास्त शुक्राणू त्यातच असतात. मला बघून माणसं ‘नाही, नाही’ म्हणतात, म्हणून हे मी आमच्या सहकाऱ्याला विचारायला लावते. त्याला खरं सांगतात. सांडलं असेल तर रिपोर्टमध्ये ‘सॅम्पल अपूर्ण’ लिहायचं आणि दुसऱ्यांदा बोलवायचं.

काहीच सांडलेलं नाही आणि पीएच ७.२च्या खाली आहे, तर वीर्य वाहून आणणाऱ्या नलिकेत अडथळा असू शकतो. डॉक्टरांना फोन करूनच सांगा. मधुमेह असेल तर वीर्य उलटं मूत्राशयात जात असण्याची शक्यता असते, मग त्यानंतरची लघवी तपासायला मागवतात. अशा पेशंटसाठी मी दुसरी डबी आधीच काढून ठेवते.