पवनचक्कीखाली मेलेला पक्षी दिसला नाही, म्हणजे?

प्रश्न : ताई, दिवाळीत साताऱ्याला बहिणीकडे गेलो तेव्हा चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखालून तासभर हिंडलो. मेलेला पक्षी एकही दिसला नाही. मग स्थलांतरित पक्ष्यांना धोका असल्याची ओरड उगाचच का? आणि पातं काळं रंगवलं की पक्षी वाचतात म्हणे, खरं का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुम्ही ऐरोलीकर, म्हणून उलट विचारते. ऐन भरतीला ठाणे खाडीच्या पुलावर उभे राहून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मोजाल का? चिखल बुडाला की ते नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यांकडे सरकतात आणि खाडी रिकामी दिसते. तुमची तासाभराची फेरी त्यातलीच.

मेलेला पक्षी माळावर पडून राहत नाही. कुत्री, कोल्हे, कावळे टपलेलेच असतात. वटवट्याएवढा जीव एका रात्रीत गायब होतो, गरुड थोडे दिवस टिकतो. उरलेले गवतात लपतात. म्हणून रीतसर पाहणीत आधी शोधणाऱ्याचीच परीक्षा होते. मेलेली कोंबडीची पिल्लं त्याला न सांगता ठेवायची. समजा १० ठेवली, आठवड्याने ४ उरली, त्यातली त्याला २ सापडली. म्हणजे सापडलेला एक पक्षी पाचांच्या जागी धरायचा. हे सगळे ऋतू, ठरल्या अंतराने करायचं. कंटाळवाणं काम आहे, नाकाला रुमाल बांधून करायचं.

आणि जो पक्षी पठाराकडे फिरकणंच सोडतो, त्याचं कलेवर कुठे शोधणार? तुम्ही हिंडलात त्याच चाळकेवाडीवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकेर आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते. खाणारे घटले, तसे गळ्याखाली रंगीत पंखा फुलवणारे सरडे वाढले. सरडे पाहून पक्ष्यांचा हिशेब लागतो, मला तर हे फार आवडलं.

खरी अडचण 'आधी काय होतं' याची. चक्की उभी राहण्यापूर्वीची नोंद नसेल तर तुलना कशाशी करणार? २००६च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत, आधी पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांच्या यादीत पवनऊर्जा प्रकल्पच नाहीत, त्यामुळे ती नोंद ठेवायची सक्ती तिथून येत नाही. मला हे पटत नाही.

काळ्या पात्याचा प्रयोग नॉर्वेतल्या स्मोला बेटावरचा. तीनपैकी एक पातं रंगवल्यावर पक्ष्यांचे मृत्यू ७० टक्क्यांहून अधिक घटले. पण रंगवलेल्या चक्क्या चारच, आणि रात्री उडणाऱ्या थव्यांना काळा रंग काय दिसणार!

पुन्हा जाल तेव्हा डिसेंबर-जानेवारीत जा, भोवत्या (हॅरियर) हे स्थलांतरित शिकारी पक्षी असतात. कोणता पक्षी, किती वाजता, पात्यांच्या वर, खाली की मधून गेला, एवढं लिहा. विजेच्या तारांखालीही बघा. मग चक्क्या नसलेल्या पठारावर तितकाच वेळ द्या. मेलेला पक्षी सापडलाच तर उचलू नका. फोटो काढा, चक्कीचा क्रमांक टिपा आणि वनखात्याला कळवा.