नवऱ्याला नोटीस जाण्याआधी कोर्टाकडून संरक्षण मिळतं का?

तुम्ही लिहिलंय की बहिणीला नवऱ्याने मारून रात्री घराबाहेर काढलं, ती सध्या माहेरी आहे, आणि कोर्ट लगेच संरक्षण देतं की आधी नवऱ्याला नोटीस जाते, हे तुम्हाला हवंय.

लगेच देऊ शकतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २३(२) प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांना नुसत्या प्रतिज्ञापत्रावर एकतर्फी, म्हणजे नवऱ्याचं म्हणणं ऐकण्याआधीच, आदेश करता येतो. पण तो मागावा लागतो. मी तालुका कोर्टात वकिली करते, आणि बहुतेक बायकांचं तिथेच अडलेलं पाहते. कलम १२ च्या अर्जात पोटगी, घर, मुलांचा ताबा सगळं एकत्र मागितलेलं असतं. त्यावर ‘सामनेवाल्यास नोटीस काढा’ असा आदेश होतो आणि तारीख पडते. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल त्यापुढे ६० दिवसांत, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात आधी नोटीस बजावली जात नाही, मग त्याचा वकील म्हणणं द्यायला मुदत मागतो, आणि महिने निघून जातात. म्हणून मुख्य अर्जासोबतच एकतर्फी आदेशाचा वेगळा अर्ज आणि नमुना ३ मधलं प्रतिज्ञापत्र जोडा, आणि ते आजच ऐकावं अशी विनंती वकिलांनी त्याच दिवशी कोर्टापुढे करावी.

सगळी भिस्त त्या प्रतिज्ञापत्रावर असते. दुसरी बाजू समोर नसल्याने न्यायाधीश कागद बारकाईने वाचतात, आणि वाचायलाच हवेत. ‘नवरा दारू पिऊन नेहमी मारतो, जिवाला धोका आहे’ एवढ्यावर आदेश क्वचितच होतो. तेच असं लिहा: अमुक तारखेला रात्री साडेदहाला त्याने कुकरचं झाकण डोक्यात मारलं, टाके पडले, ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर सोबत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘कोर्टात गेलीस तर पोराला उचलून नेईन’ असा मेसेज आला, त्याची प्रिंट सोबत आहे. नोटीस हातात पडल्यावर हा माणूस काय करेल ते त्या मेसेजवरून कळतं, आणि नोटिशीआधी आदेश का हवा याचं उत्तरही तेच आहे. मूळ मेसेज फोनमधून पुसू नका. केसपेपर नसेल तरी अर्ज अडत नाही.

मागणीही नेमकी हवी. माहेरी, कामाच्या ठिकाणी, मुलाच्या शाळेत येऊ नये. फोन करू नये. तिचे दागिने आणि दोघांच्या नावचं बँक खातं यांना हात लावू नये. तिला सासरीच राहायचं असेल तर कलम १९ खाली मागा. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तिचा हक्क आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात स्पष्ट केलंय.

अर्ज माहेरच्या गावच्या कोर्टातही चालतो. याच कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडून घटना अहवाल आणि अर्ज तयार करून घेता येतो, त्याला पैसे लागत नाहीत. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही मोफत मिळतो. बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही. आज रात्रीच तो दारात आला तर मात्र कोर्टाची वाट पाहू नका, ११२ ला फोन करा.

आदेशाची प्रत मोफत मिळते आणि कोर्टाने ती पोलीस ठाण्यालाही पाठवायची असते. तरी तुम्ही स्वतः एक प्रत ठाण्यात नेऊन द्या आणि पोच घ्या. संरक्षण आदेश मोडला तर कलम ३१ खाली १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पोच हातात असली की ‘आमच्याकडे असा आदेश आलेलाच नाही’ हे उत्तर ऐकावं लागत नाही.

आणि पुढच्या तारखेला बहिणीला हजर ठेवा. एकतर्फी आदेशाविरुद्ध नवरा येऊन म्हणणं मांडणारच, तेव्हा ती तिथे नसेल तर मिळालेला आदेश उठूही शकतो.